गॅलिलिओचा कंपास आणि मात्सोलेनीचा हात

फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदीच्या काठावर जे गॅलिलिओ संग्रहालय आहे, त्यात पितळेचा एक जुना कंपास ठेवलेला आहे. कंपास म्हटल्यावर शाळेच्या कंपासपेटीतला, एका पायाला सुई आणि दुसऱ्या पायात शिसपेन्सिलीचा तुकडा अडकवलेला कंपास डोळ्यांसमोर येतो. हा तसा नाही आणि याने वर्तुळही काढता येत नाही. वीतभराहून थोड्या लांब अशा दोन सपाट पितळी पट्ट्या एका टोकाला बिजागरीने जोडलेल्या असून त्या अडकित्त्यासारख्या उघडतात आणि मिटतात. पट्ट्यांच्या दोन्ही अंगांवर, बिजागरीच्या मध्यबिंदूपासून निघून टोकाकडे पसरत जाणाऱ्या सरळ रेषा कोरलेल्या आहेत, त्या रेषांवर बारीक भाग पाडलेले आहेत आणि भागांशी आकडे घातलेले आहेत. गॅलिलिओने या उपकरणाला ‘भूमितीय आणि लष्करी कंपास’ असे नाव दिले होते. फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या संग्रहातून आलेला हा नमुना १६०६ च्या सुमाराचा आहे आणि गॅलिलिओच्या पदरी असलेला कारागीर मार्कांतोनियो मात्सोलेनी याच्या हातचा तो मानला जातो.

याच संग्रहालयात गॅलिलिओच्या उजव्या हाताचे मधले बोटसुद्धा काचेच्या भांड्यात उभे करून ठेवलेले आहे. १७३७ साली त्याचे अवशेष सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या समाधीत हलवताना कुणी तरी ते काढून घेतले. पाहायला येणाऱ्यांची गर्दी बोटापुढे अधिक होत असणार, याविषयी मला फारशी शंका नाही, कारण थोर माणसाच्या वस्तूपुढे आपण बहुधा दर्शनासाठीच उभे राहतो. मला मात्र ते बोट पाहून विचारण्यासारखे काही सुचत नाही. कंपासाचे छायाचित्र पाहिले की प्रश्नांची रांग लागते: हे भाग कशाने पाडले, दोन्ही पट्ट्यांवरचे भाग एकमेकांशी कसे जुळवले, आणि बिजागरीचा मध्य नेमका रेषांच्या संगमावर कसा आणला?

हे प्रश्न मला पडतात याचे कारण माझा धंदा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझी छोटी टूलरूम आहे. आजूबाजूला फौंड्र्या आणि लेथची दुकाने असलेल्या गल्लीत आम्ही गेज, जिग, फिक्श्चर, म्हणजे मापे तपासण्याची आणि जॉब धरून ठेवण्याची साधने, आणि थोडेफार खोदकाम करतो. सरफेस प्लेटवर हाइट गेज धरून जॉबवर रेघा मारण्याचे, म्हणजे मार्किंगचे, काम मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि रेघ मारणे हे रंधा मारण्याइतके सोपे नसते हे तेव्हाच समजले होते. म्हणून संग्रहालयाने प्रसिद्ध केलेली छायाचित्रे आणि उपकरणाची वर्णने पुढ्यात ठेवून, कामातून सवड मिळेल तसा, मी पितळेच्या पट्टीचा असा एक कंपास स्वतः करून पाहिला. पुढे जे लिहिले आहे ते त्या कामामुळे लिहिता आले आहे.

या उपकरणाचे सगळे चातुर्य समरूप त्रिकोणांत आहे. दोन्ही पट्ट्यांवर मध्यापासून सारख्या अंतरावर सारखे आकडे आहेत. कंपास कितीही उघडला, तरी मध्य आणि दोन्ही पट्ट्यांवरचे १०० हे आकडे मिळून जो त्रिकोण होतो, त्याच्याशी मध्य आणि दोन्ही बाजूंचे २० हे आकडे मिळून होणारा त्रिकोण समरूपच राहतो. समजा, कागदावरच्या एका रेषेचे पाच समान भाग करायचे आहेत. कर्कटकाच्या दोन टोकांत ती रेषा उचलायची, एक टोक एका पट्टीच्या १०० वर आणि दुसरे टोक दुसऱ्या पट्टीच्या १०० वर बसेल एवढा कंपास उघडायचा, आणि मग तो न हलवता कर्कटक मिटत आणून २० ते २० एवढे अंतर उचलायचे. हा झाला रेषेचा पाचवा भाग. यात गुणाकार नाही, भागाकार नाही आणि रेषेची लांबी किती आहे हे माहीत असण्याचीही गरज नाही. नकाशा लहानमोठा करायचा असो वा त्रैराशिक सोडवायचे असो, कृती हीच.

ही झाली गणिती रेषा, जिच्यावर ० पासून २५० पर्यंत समान भाग आहेत. तिच्या शेजारची भूमितीय रेषा अधिक मजेची आहे, कारण तिच्यावरचे भाग समान नाहीत. ते क्षेत्रफळांसाठी, म्हणजेच वर्गमुळांच्या प्रमाणात पाडलेले आहेत आणि ५० पर्यंत जातात. माझ्या कंपासावर मी ५० चा आकडा मध्यापासून २५० मिलिमीटरवर घेतला. तसे केल्यावर २ हा आकडा बरोबर ५० मिलिमीटरवर, ८ हा १०० वर, १८ हा १५० वर आणि ३२ हा २०० वर येतो. मधले सगळे आकडे मात्र अडनिड्या जागी पडतात. एखाद्या चौरसाची बाजू १ ते १ या अंतरात बसवली की २ ते २ या अंतरावर त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू मिळते. तिसरी रेषा घनमुळांची, १४८ पर्यंतची. तिच्यावर १२५ चा आकडा २५० मिलिमीटरवर घेतला की १, ८, २७ आणि ६४ हे आकडे अनुक्रमे ५०, १००, १५० आणि २०० मिलिमीटरवर चपखल बसतात. मार्किंग करणाऱ्याला अशा जागा देवासारख्या भेटतात, कारण बाकीच्या भागांची पडताळणी त्यांच्यावरून करता येते. मात्सोलेनीनेही त्या हेरल्या असतील असे मला वाटते, पण हा माझा निव्वळ तर्क आहे.

चौथी रेषा धातूंची. तिच्यावर आकडे नसून सोने, शिसे, चांदी, तांबे, लोखंड, कथील, संगमरवर आणि दगड यांची इटालियन आद्याक्षरे आहेत. सारख्याच वजनाचे गोळे या पदार्थांचे केले, तर त्यांचे व्यास कसे असतील, हे ती रेषा सांगते. पदार्थ जेवढा जड तेवढा गोळा लहान, म्हणून सोने मध्याच्या सर्वांत जवळ आणि दगड सर्वांत लांब. आजच्या घनतेच्या आकड्यांवरून मी हिशेब केला, तेव्हा सोने १०० मिलिमीटरवर घेतल्यास शिसे ११९.४ वर, चांदी १२२.५ वर, तांबे १२९.१ वर, लोखंड १३४.९ वर आणि कथील १३८.३ वर आले. संगमरवर एकदम १९२ च्या पुढे. शिसे आणि चांदी यांच्यात जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे आमच्या जुन्या मिस्त्रींच्या भाषेत एका सुताएवढेही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाएवढेही, अंतर नाही. गुजरीतल्या माझ्या एका सराफ मित्राला ही रेषा दाखवली, तेव्हा त्याने बाकीचे सगळे उपकरण बाजूला सारून तेवढ्याच रेषेवर बराच वेळ बोट फिरवले आणि कथील यात कशाला घेतले म्हणून विचारले.

त्याचे उत्तर तोफेत आहे. तोफा ओतण्याच्या मिश्रधातूत तांबे आणि कथील असते, आणि गोळे कधी लोखंडाचे, कधी शिशाचे, कधी दगडाचे वापरले जात. तोफेच्या तोंडाचा व्यास एकच असतो आणि गोळ्याचा पदार्थ बदलला की वजन बदलते. वजनाप्रमाणे दारू किती ठासायची ते बदलते. युद्धाच्या धामधुमीत तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने घनमुळे काढत बसावे अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. पट्ट्यांच्या मध्ये बसवण्यासाठी एक कमान होती. ती लावून ओळंबा सोडला की त्याच कंपासाने तोफेचा कल आणि भिंतीचा उतारही मोजता येई. तोफेचा कल मोजायचा गुण्या निकोलो तार्तालिया या गणितज्ञाने १५३७ सालीच प्रसिद्ध केला होता, आणि त्याची लांब बाजू तोफेच्या तोंडात घालून ओळंब्याने कल वाचायचा असे. गॅलिलिओने अशा वेगवेगळ्या कामांची साधने एका बिजागरीवर आणली. चलनाची अदलाबदल आणि चक्रवाढ व्याजाचे हिशेबसुद्धा त्याने या कंपासावर करून दाखवलेले आहेत.

गॅलिलिओ १५९२ ते १६१० या काळात पादुआच्या विद्यापीठात गणित शिकवत होता. पगार बेताचा होता, वडील वारले होते, बहिणींच्या हुंड्याची देणी डोक्यावर होती. सरदार घराण्यांतली मुले त्याच्याकडे खाजगीत किल्लेबांधणी आणि लष्करी गणित शिकायला येत, काही त्याच्याच घरात राहत. १५९७ च्या सुमारास त्याने कंपासाची रचना पक्की केली आणि १५९९ साली मात्सोलेनीला पगारावर ठेवून, बायकामुलासकट आपल्या घरी राहायला आणले. कंपास विकून मिळणाऱ्या पैशांपेक्षा तो वापरायला शिकवण्याच्या शिकवणीतून गॅलिलिओला अधिक मिळकत होई. धंदा म्हणून पाहिले तर हे गणित आजही जुने झालेले नाही; यंत्र एकदा विकले जाते, शिकवणी मात्र प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला लागते.

मात्सोलेनीविषयी इतिहासाने फार कमी लिहून ठेवले आहे. तो व्हेनिसच्या प्रदेशातला, धातुकामात मुरलेला माणूस होता आणि गॅलिलिओच्या जमाखर्चात त्याचे नाव येते, एवढ्यावर समाधान मानावे लागते. मला त्याची ओळख पटली ती बिजागरी करायला घेतली तेव्हा. या उपकरणाच्या सगळ्या रेषा ज्या बिंदूतून निघतात, तोच बिंदू बिजागरीच्या फिरण्याचा मध्य असला पाहिजे. पण त्या बिंदूवर तर खिळ्याचे डोके असते. रेषा तिथपर्यंत प्रत्यक्ष काढताच येत नाहीत. त्यामुळे एका पट्टीला गोल तबकडी ठेवायची, दुसऱ्या पट्टीला तिला वरून आणि खालून कवळणारे खोबण कापायचे, दोन्हींतून एकदम भोक पाडून ते नेमक्या मापाचे करणारा रीमर फिरवायचा, खिळा घट्ट पण फिरता बसवायचा, आणि हे सगळे जमल्यावर त्याच मध्यापासून रेषा आखायला घ्यायच्या, असा क्रम ठेवावा लागतो. उलट क्रमाने केले, तर आधी आखलेल्या सुंदर रेषा कुठल्या तरी भलत्याच बिंदूकडे पाहत बसतात.

मध्य थोडासा चुकला तर काय बिघडते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, गणिती रेषेवर दर मिलिमीटरला एक भाग आहे आणि फिरण्याचा खरा मध्य रेषांच्या संगमापेक्षा फक्त ०.२ मिलिमीटर मागे पडला आहे. आता १०० मिलिमीटरची रेषा १०० ते १०० मध्ये बसवून २० ते २० उचलली, तर २० मिलिमीटरऐवजी २०.१६ मिलिमीटर मिळतील. कर्कटकाने अशी पाच पावले टाकली की शेवटचे पाऊल रेषेच्या ०.८ मिलिमीटर पुढे पडेल, आणि तेवढे साध्या डोळ्यांना सहज दिसते. तीच रेषा २५० ते २५० मध्ये बसवून ५० ते ५० उचलली, तर चूक जवळजवळ ०.३ मिलिमीटरवर येते. म्हणून अशा उपकरणावर काम करताना शक्य तेवढे टोकाकडचे आकडे वापरावेत आणि मध्याजवळची गर्दी टाळावी. आज मायक्रोमीटर आणि डायल गेज हाताशी असताना ०.२ मिलिमीटर ही मोठी ढिलाई वाटते. मात्सोलेनीकडे यांतले काहीही नव्हते. कानस, कर्कटक, पोलादी कोरणी, चांगली नजर आणि न कंटाळणारा हात एवढ्या भांडवलावर त्याने ही बिजागरी बसवली, आणि तीसुद्धा एकदा नाही, विक्रीसाठी पुन:पुन्हा बसवली. कंपासाची कीर्ती गॅलिलिओच्या नावाने आहे आणि ती योग्यच आहे. पण कंपास चालत होता तो मात्सोलेनीच्या मध्यामुळे.

१६०६ साली गॅलिलिओने कंपासाच्या वापराचे पुस्तक पादुआमध्ये स्वतःच्या घरीच छापून घेतले. प्रती फक्त ६०, भाषा लॅटिनऐवजी सैनिकांना आणि सरदारांना वाचता येईल अशी इटालियन, आणि अर्पण केले होते तरुण कोझिमो मेदिचीला, ज्याला आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने गणित शिकवले होते. या पुस्तकात कंपासाची आकृती मात्र दिलेली नव्हती. उपकरण हातात असल्याशिवाय पुस्तक समजू नये आणि पुस्तक वाचून कुणी उपकरणाची नक्कल करू नये, हा त्यामागचा व्यवहार होता. पेटंट कायदे आणि नकला यांच्या कहाण्या रोज ऐकणाऱ्या आमच्या उद्यमनगरातल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही.

एवढे करूनही नक्कल झालीच. १६०७ साली बाल्दासारे काप्रा नावाच्या तरुणाने लॅटिनमध्ये पुस्तक छापून हे उपकरण जवळजवळ आपलेच म्हणून मांडले. गॅलिलिओने विद्यापीठाच्या व्हेनिसमधल्या नियामकांकडे दाद मागितली. तिथे काप्राला त्या उपकरणाविषयी प्रश्न विचारण्यात आले आणि त्याला त्यांची धड उत्तरे देता आली नाहीत. निकाल गॅलिलिओच्या बाजूने लागला आणि काप्राच्या पुस्तकाच्या शिल्लक प्रती जप्त झाल्या. गॅलिलिओने त्याच वर्षी आपल्या बचावाचे सविस्तर पुस्तकही काढले. या प्रकरणात मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही की उपकरणाच्या मालकीचा वाद उपकरण चालवून दाखवण्यावर येऊन ठेपला.

मुळात दोन पट्ट्यांच्या प्रमाणदर्शक कंपासाची कल्पना केवळ गॅलिलिओचीच नव्हती, हेही सांगितले पाहिजे. इटलीत गणितज्ञ ग्विदोबाल्दो देल मोंते याच्या परिचितांमध्ये तशी साधने वापरात होती आणि इंग्लंडमध्ये थॉमस हूडने १५९८ सालीच अशा उपकरणावर पुस्तक छापले होते. पुढे एडमंड गंटरने १६२० च्या दशकात त्यावर त्रिकोणमितीच्या रेषा घातल्या, दर्यावर्दी लोकांनी ते उचलले, आणि सेक्टर या नावाने ते इंग्लंड-फ्रान्समधल्या प्रत्येक बऱ्या ड्रॉइंगपेटीत जाऊन बसले. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या पेट्यांत कर्कटक, शाईची पेने, समांतर पट्टी, कोनमापक यांच्याबरोबर सहा इंची हस्तिदंती किंवा लाकडी सेक्टर हमखास सापडतो. स्लाइड रूल, म्हणजे गुणाकार-भागाकार करणारी सरकती पट्टी, हाताशी आल्यावर सेक्टर वापरणारे हळूहळू संपले, पण पेटीतली त्याची जागा सवयीने बरीच वर्षे राहिली.

अशीच एक पेटी काही काळापूर्वी माझ्या टूलरूममध्ये आली. जुन्या वस्तूंची खरेदी-विक्री करणारे एक ओळखीचे गृहस्थ ती घेऊन आले होते. शिसवी लाकूड, आत निळ्या मखमलीचे खण, जर्मन सिल्व्हरची हत्यारे आणि हस्तिदंती सेक्टर, ज्याची बिजागरी सैल झाली होती. ती बिजागरी घट्ट करून द्यावी एवढेच काम त्यांनी आधी सांगितले. बोलता बोलता दुसरे काम निघाले. पेटीच्या झाकणावर मालकाचे नाव घालण्यासाठी असते तशी एक छोटी पितळी पाटी होती आणि ती कोरीच होती. त्यांचे म्हणणे असे की ही पेटी मेजर मॅन्टची आहे, घरात तसे पूर्वीपासून सांगत आले आहेत, तेव्हा नमुन्यावरून अक्षरे खोदणाऱ्या माझ्या पँटोग्राफ मशीनवर त्या पाटीवर जुन्या वळणाची अक्षरे घालून द्यावीत. “दादा, नुसती दोन अक्षरं टाका की ओ, कोण इचारतंय?” असे ते हसत म्हणाले.

मॅन्टचे नाव कोल्हापुरात का निघते हे उघड आहे. मेजर चार्ल्स मॅन्ट हा रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी. आपला टाऊन हॉल त्याच्या आराखड्याने झाला, आणि १८८४ साली पूर्ण झालेला न्यू पॅलेसही त्याच्याच आराखड्याचा. बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेसही त्यानेच आखला. राजवाडे पुरे होण्याआधीच, १८८१ साली, त्याचा मृत्यू झाला. आपली गणिते चुकली असून या इमारती कोसळतील या भीतीने शेवटी त्याच्या मनाचा तोल गेला होता, असे सांगितले जाते. अशा माणसाची ड्रॉइंगची पेटी खरोखर कोल्हापुरात सापडली, तर ती पाहायला मी स्वतः रांगेत उभा राहीन. या पेटीतली समांतर पट्टी मी भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असा बारीक ठसा दिसला. मालावर देशाचे नाव घालण्याची पद्धत ब्रिटनच्या १८८७ च्या व्यापारचिन्ह कायद्यानंतर रूढ होत गेली. मॅन्ट त्याच्या सहा वर्षे आधी गेला होता. पट्टी नंतर बदललेली असू शकते हे मान्य, पण ती ज्या खणात होती तो खण तिच्याच मापाने कापलेला होता आणि मखमलीचा रंगही तिच्या कडेने सारखाच विटलेला होता. पेटी आणि पट्टी एकत्रच जन्माला आल्या असाव्यात, असे माझे मत झाले आणि ते मी त्यांना सांगितले. बिजागरी मी करून दिली. पाटी कोरी राहू दिली. ते नाराज झाले, आणि दुसरीकडे कुणी ती अक्षरे घालूनही दिली असतील.

नावाचा ठसा हा किती कच्चा पुरावा असतो, याचे एक उदाहरण खुद्द एका थोर माणसाच्या कारखान्यातच आहे. वाफेच्या इंजिनामुळे प्रसिद्ध झालेला जेम्स वॉट हा पेशाने गणिती उपकरणे बनवणारा होता. लंडनमध्ये जॉन मॉर्गन याच्या हाताखाली वर्षभर काम शिकून तो ग्लासगोला परतला आणि १७५७ साली विद्यापीठाच्या आवारात त्याने उपकरणांचे दुकान थाटले. पोटासाठी तो वाद्येही करी. १८१९ साली तो वारला, तेव्हा हीथफिल्ड येथील घराच्या माळ्यावरची त्याची कामाची खोली कुलूपबंद करण्यात आली, आणि शंभराहून अधिक वर्षांनी, १९२४ साली, ती खोली आतल्या हजारो वस्तूंसह लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये हलवली गेली. त्या पसाऱ्यात लॉट या नावाची अक्षरे असलेला एक ठसा निघाला. लॉट हे पॅरिसच्या नामवंत बासरीकारांचे घराणे, आणि वॉट आपल्या बासऱ्यांवर त्यांचे नाव उमटवून त्या विकत असावा, असा अभ्यासकांचा संशय आहे. आमच्या गिऱ्हाइकाने मागितले होते त्याहून हे फार वेगळे म्हणता येणार नाही. वॉटबद्दलचा माझा आदर त्याने कमी झाला नाही. उपकरणावरचे नाव वाचून लगेच डोके टेकवण्याची सवय मात्र सुटली.

वॉटच्या खोलीचे मोल कुठल्याच एका वस्तूवरच्या नावात नाही. कानशी, साचे, अर्धवट सोडलेले तुकडे आणि त्या सगळ्यांवर बसलेली धूळ एकमेकांची साक्ष देतात, म्हणून ती खोली त्याची आहे हे पटते. जॉर्ज वॉशिंग्टनच्या बाबतीत ही साक्ष कागदांनी दिली आहे. १७४९ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, तो व्हर्जिनियातल्या कल्पेपर परगण्याचा भूमापक झाला, आणि त्याच्या हातचे जमिनींचे नकाशे आजही जपलेले आहेत. त्याचा म्हणून एखादा कर्कटक दाखवला, तर तो कुठल्या कामासाठी उचलला गेला असेल हे त्या नकाशांवरून तरी समजू शकते. फ्लॉरेन्सच्या कंपासाला तर दोन्ही बाजूंनी आधार आहे: मेदिचींच्या संग्रहाची परंपरा आहे आणि त्यावरची प्रत्येक रेषा ज्या कृतींसाठी आहे, त्या कृती १६०६ च्या पुस्तकात मालकाने स्वतः लिहून ठेवलेल्या आहेत.

कोल्हापूर संस्थानाच्या बांधकाम खात्यात आणि नंतरच्या पाटबंधारे विभागात ड्राफ्ट्समन, ओव्हरसिअर म्हणून नोकरी केलेल्यांच्या घरी अशा पेट्या अजूनही माळ्यावर असणार. राधानगरीच्या धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी सुरू केले. त्या काळातल्या नकाशांवर अशाच पेट्यांतली पेने चालली असणार. आपल्याकडे पेटी निघालीच, तर ती कुणा मोठ्या साहेबाची होती का हे शोधण्याआधी तिच्या बरोबरचे कागद शोधावेत: पावती, हजेरीपट, नकाशाची ट्रेसिंग, मागच्या बाजूला शिसपेन्सिलीने लिहिलेले नाव. घरातल्याच एखाद्या ओव्हरसिअरचे नाव तारखेसकट सापडले, तर ते साहेबाच्या सांगोवांगीपेक्षा मला जास्त मोलाचे वाटते. पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांना चिंच किंवा पावडर लावून घासू नये, कारण कोरलेल्या रेघांच्या कडा त्याने बोथट होतात आणि जुन्या मालकाच्या बोटांनी जिथे झीज झाली आहे ती जागाही पुसली जाते. हस्तिदंत पाण्याने धुवू नये. आणि पेटीत सेक्टर असेल, तर कर्कटक घेऊन एक परीक्षा करून पाहता येते: एकाच समान भागांच्या रेषेवर बिजागरी न हलवता टोकाच्या आकड्याचे अंतर उचलायचे, मग त्याच्या निम्म्या आकड्याचे अंतर उचलायचे आणि ते दोनदा टाकून पहिल्याशी ताडून पाहायचे. दोन्ही तंतोतंत जुळली, तर बिजागरीचा मध्य ठिकाणावर आहे आणि उपकरण अजून कामाचे आहे. पुढे पडली वा मागे राहिली, तर एक तर खिळा झिजला आहे किंवा करणाऱ्याने मुळातच घाई केली होती. यांतले कोणते, ते खिळा काढून भोकाच्या कडा भिंगाखाली पाहिल्यावर समजते, कारण झिजलेले भोक लांबट झालेले असते आणि चुकलेले भोक गोलच असते.